जिजाची सावली

वैनगंगेवरचा पवनीचा घाट कधीच मागे पडला होता. ऊन आता चांगलंच जाणवायला लागलं होतं, तरी जिजाची चाल काही ढिली पडत नव्हती. डोक्यावर टोपली, टोपलीत चपला, आणि तोंड अखंड चालू. तिच्यामागून हर्षा वाळूत पाय ओढत येत होती. गळ्यात दुर्बीण, हातात मोबाईल, आणि दर थोड्या वेळाने सँडल झटकायला थांबणं.

"मॅडम, ते सँडल काढून टाक न वो. वाळूत सँडल घालून चालाचं म्हंजे पान्यात छत्री उघडून पोहाचं."

"पाय भाजतात, मावशी."

"अजून कुठं भाजते. भाजन तेव्हा मी सांगीन तुले."

हर्षा पवनीच्या शाळेत शिकवायची. जिजाची मुलगी रंजू तिच्याच वर्गात शिकून पुढे गेली होती. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षीचा रंजूचा जन्म. आता ती नागपूरला नर्स होती. शाळेच्या नात्याने जिजा हर्षाला 'मॅडम' म्हणायची आणि वयाच्या नात्याने 'तू'. दोन्ही एकाच वाक्यात आलं तरी तिला काही वाटायचं नाही.

दर उन्हाळ्यात हर्षाचं निसर्गमंडळ वैनगंगेच्या काठाने पाखरांची आणि किड्यांची नोंद करत असे. प्रत्येकाच्या वाट्याला नदीचा एकेक तुकडा. हर्षाच्या वाट्याला घाटापासून वरच्या वळणापर्यंतची वाळू आली होती, आणि त्या वाळूवर जिजाची डांगरवाडी होती. पाणी उतरलं की मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या बाया उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे करतात, शेणखत घालतात, टरबूज-खरबूज-काकडीचे वेल लावतात. पाऊस येईपर्यंत ती त्यांची जमीन. मग नदी आपली जमीन परत घेते. जिजा लग्न होऊन आली त्या वर्षापासून वाडी करत होती. नवरा लिलाधर जाळं टाकायचा, ही वाडी सांभाळायची.

यंदा हर्षाला एकाच पाखराची आस लागली होती. नदी सुरय. राखाडी पाठ, काळी टोपी, पिवळीधमक चोच, आणि शेपटी अशी की कात्रीने मधोमध कापली आहे. हे पाखरू झाडावर घरटं करत नाही. उघड्या वाळूत पोटाने खळगी करतं आणि तिथेच अंडी घालतं. गेली काही वर्षं हर्षाला ते नुसतं उडताना दिसे. अंडी एकदाही दिसली नव्हती. आणि परवा सांजेला जिजाचा फोन आला.

"मॅडम, पिवळ्या चोचीची माह्या वाडीत बसली."

"बसली म्हणजे? उतरली?"

"बाळंत झाली. तीन अंडे हाय. आता बोल."

हर्षाने लगेच दुर्बीण पुसून ठेवली. तिला झोपही धड आली नाही. आज रविवारी पहाटे उठून तिने आंघोळ केली, घरच्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटली, आणि शेवटी डोळे मिटून त्या तीन अंड्यांसाठीही मनात काहीतरी मागितलं. काय मागितलं ते तिने आईलाही सांगितलं नाही. आईने फक्त विचारलं, "आज एवढी खुशीत काहून?"

आणि आता वाट सरत नव्हती, कारण नोंदही करायचीच होती. पाण्याच्या कडेला बगळे उभे होते. हर्षा दुर्बीण लावून मोजायला लागली.

"पन्नास लिही," जिजा म्हणाली.

"वीसच आहेत, मावशी."

"अन् आपल्याले पाहून उडून गेले ते? ते का दुसऱ्या जिल्ह्यातले होते?"

हर्षाला हसू आलं. "दिसतात तेवढेच लिहायचे."

"मंग आपल्या तुकड्याचा नंबर कसा येईन?"

"नंबर नसतो यात."

"नंबर नसते तं मोजून कायले राहिली?" जिजाने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघाली.

वाळूवर एक हिरवट चमकता भुंगा पायापुढून उडायचा आणि चार हातांवर जाऊन पुन्हा बसायचा. जवळ गेलं की पुन्हा उडायचा. हर्षाने दोनदा फोटो काढायचा प्रयत्न केला, दोनदा नुसती वाळूच आली. "हा सिपाई," जिजा म्हणाली. "मोठा साहेब आला का असाच पुढं पुढं पळते." तिसऱ्यांदा हर्षा गुडघ्यावर बसली, श्वास रोखला, आणि भुंगा फोटोत आला. ती एवढी हरखली की जिजाला फोटो दाखवायला धावली आणि जिजानेही दोन्ही हातांनी मोबाईल धरून, "अरे वा, मिशा पाह्य याच्या," म्हणून कौतुक केलं.

मधल्या एका वाडीत काकडीच्या फुलांवर मधमाश्या होत्या, पाण्यावर लाल चतुर होते. ते लिहून झालं. मग हर्षाने पानावरचा लाल भुंगेराही लिहायला घेतला तेव्हा मात्र जिजाने तिचा हात धरला.

"त्याचं नाव नोको लिहू."

"का?"

"पानं खाऊन चाळणी करते मेला. राखड टाकून टाकून माहे हात काळे झाले. त्याले कायले मान देऊन राहिली तू?"

"मान नाही, मावशी. नोंद आहे."

"तेच ते."

शेवटी हर्षाने लाल भुंगेरा लिहिला, आणि जिजाच्या समाधानासाठी खाली 'त्रासदायक' असंही लिहिलं. जिजाने ते मोठ्याने वाचायला लावलं.

वळण जवळ आलं तशी जिजा हळू झाली. तिच्या चेहऱ्यावर एक दाबलेलं हसू होतं. मोहल्ल्यातल्या बायांना ते हसू ठाऊक होतं. जिजाने काहीतरी केलं आहे आणि ते दाखवायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

"मॅडम, तुह्या पाखरासाठी म्या एक काम केलं. पोचलो का दाखवीन."

"काय केलं?"

"अंहं. पोचलो का."

आता जिजाच्या सावलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडीत रोप कोवळं असतं तेव्हा दुपारची वाळू त्याला जाळून टाकते. म्हणून तुराट्या रोवून, वर धानाची तणस अंथरून त्याला सावली करावी लागते. करतात सगळ्याच. पण जिजाच्या सासूने तिला अशी शिकवली होती की वारा आला तरी तणस हलत नसे, आणि सकाळचं कोवळं ऊन मात्र बरोबर आत शिरे. कितीही कडक उन्हाळा असो, जिजाचं रोप मरत नसे. घाटावर म्हणायचे, सावली करावी तर जिजाने. आणि जिजाला हे म्हटलेलं आवडायचं. जरा जास्तच आवडायचं. मागच्या साली तिच्या जावेची, उषाबाईची, रोपं होरपळली, तेव्हा जिजा भर घाटावर बोलून गेली, "उषीले सावली बांधता येत नाई, तिले फक्त उन्हात सोताचं तोंड बांधता येते." बाया हसल्या. उषाबाईने टोपली उचलली आणि निघून गेली. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. वाड्या शेजारी, नदी एक, सासर एक, आणि बोलणं बंद.

वाडीचा बांध ओलांडला आणि हर्षाला आधी आवाज आला. वरून, उंचावरून, कर्कश, तुटक. दोन सुरया आकाशात गरगर फिरत होत्या, खाली झेप घेत होत्या, पुन्हा वर जात होत्या.

"पाह्य, किती खूस झाल्या," जिजा म्हणाली.

हर्षाने दुर्बीण लावली. वेलांच्या पलीकडे, पाण्याच्या बाजूला मोकळ्या वाळूत एक छोटी, सुबक, तुराट्या-तणसाची सावली उभी होती. आणि सावलीच्या कडेवर एक कावळा बसला होता.

"मावशी, ते काय आहे?"

"सावली. सकाळीच करून तुले आनाले आली. एवढ्या उन्हात अंडे उघडे. मले पाहावेना. अन् बाळंतीन हाय, तिच्यासाठी चार मासोळ्याबी ठेवल्या..."

कावळा वरून खाली उतरला आणि सावलीत शिरला.

हर्षा काही बोलायच्या आतच जिजा धावली होती. पन्नाशीची बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावरची टोपली तिने कावळ्यावर फेकली. टोपली पोचली नाही, पण कावळा उडाला. त्याच्या चोचीत मासोळी होती की दुसरं काही, ते कोणाला नीट दिसलं नाही.

दोघी सावलीशी पोचल्या. आत वाळूच्या खळगीत वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची दोन अंडी होती. बाजूला अर्धी खाल्लेली मासोळी, आणि मुंग्यांची रांग मासोळीकडून अंड्यांकडे निघालेली.

"तीन होते," जिजा म्हणाली. मग पुन्हा, हळू, "मॅडम, तीन होते न वो."

हर्षाला रागावता आलं असतं. पण तिने त्या सावलीकडे पाहिलं. काय सुरेख बांधली होती. प्रत्येक गाठ दुहेरी. रागवायचं कशाला आणि कोणाला?

"मावशी, ही वरून उतरते. डोक्यावर छप्पर दिसलं की तिला वाटतं, काहीतरी दबा धरून बसलंय. ती खाली यायचीच नाही. आणि मासोळीच्या वासाने कावळा येतो."

"मंग ऊन?"

"तिचं ती पाहील. आधी हे काढू."

जिजाने क्षणाचाही विचार केला नाही. जी सावली बांधायला तिने पहाट घालवली होती ती तिने दोन हिसक्यांत उपटली. हर्षाने मासोळ्या उचलल्या, मुंग्यांवर ओंजळ ओंजळ वाळू टाकत त्यांची रांग दूर वळवली. अंड्यांना हात लावला नाही. टोपली उचलून घेऊन उलट्या पावली, आपल्याच पाऊलखुणा तणसाच्या जुडीने पुसत दोघी मागे सरकल्या आणि टरबुजाच्या वेलांच्या आड पोटावर पडून राहिल्या.

सुरया वर फिरतच होत्या. एक जरा खाली यायची, जिजा मान उंचवायची, आणि सुरय पुन्हा वर. कावळा पलीकडच्या काठावर बाभळीवर बसून पाहत होता. हर्षाने मनातल्या मनात पहाटेची वंदना पुन्हा सुरू केली. शेजारी जिजाचे ओठही हलत होते. ती वैनगंगामायला काहीतरी कबूल करत होती. 'पहिलं टरबूज' एवढंच हर्षाला ऐकू आलं.

"येईन का वो?"

"माहीत नाही, मावशी."

"तू मॅडम हाय. तुले माहीत पाहिजे."

"मी पण पहिल्यांदाच पाहतेय."

मग एक सुरय वेगळी झाली. ती अंड्यांकडे न येता सरळ नदीकडे गेली. जिजाने डोळे मिटले. "गेली."

"थांबा. पाहा, पाहा."

ती पाण्यावर उतरली. मासा धरला नाही. पोट पाण्यात बुडवलं, पंख फडफडवले, पुन्हा पोट बुडवलं. आणि मग थेट वर येऊन, वेलांच्या डोक्यावरून, इतक्या जवळून गेली की वारा कळला. खळगीशी उतरली. डावीकडे मान, उजवीकडे मान. जिथे सावली होती त्या जागेकडे तिने जरा रोखून पाहिलं. आणि बसली. पिसं फुगवून, हलून हलून, दोन्ही अंडी पोटाखाली घेतली. तिच्या छातीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि उन्हात चमकत होते.

हर्षाने मोबाईलवर ते सगळं टिपलं, आवाजासकट. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडता येत नव्हतं. मग तिने जिजाचा हातच घट्ट दाबला.

जिजा टक लावून पाहत होती. "वल्ली होऊन आली वो," ती कुजबुजली. "पोट वलं करून आली. म्या एवढी तणस लावली, अन् ही..." आणि तिला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबून ती हसत राहिली, पाठ हलत राहिली. हर्षाही हसायला लागली. दोघी वाळूत पालथ्या पडून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून गुदमरत हसत होत्या. बाभळीवरून कावळा उडून गेला तेव्हा कुठे त्यांनी श्वास घेतला.

मागे सरकत दोघी बांधापलीकडे आल्या. जिजाने मडक्यातलं पाणी दिलं, एक काकडी गुडघ्यावर मोडून अर्धी हर्षाच्या हातात ठेवली. हर्षाने नोंद लिहिली. नदी सुरय, वीणस्थळ, अंडी दोन.

"तीन लिही."

"दिसतात तेवढीच."

जिजाने वाद घातला नाही. हर्षाने वर पाहिलं. जिजा काकडी हातात तशीच धरून वळणापलीकडे पाहत होती. तिथे, पुढच्या वाडीच्या वर, आणखी सुरया फिरत होत्या. बऱ्याच. आणि त्यांचा आवाजही तोच होता, तुटक, कर्कश.

"तिकडे पण आहेत?" हर्षा उठून उभी राहिली. "मावशी, ही तर वसाहत आहे. कोणाची वाडी ती?"

"उषीची."

"चला मग. पाहू."

जिजा उठली नाही.

"मॅडम, काल सांजेला मी बांधावर उभी होती. ती तिच्या वाडीत पानी देऊन राहिली होती. साल झालं, आमी बोललो नाई. पन ह्या पाखराच्या खुशीत मले राहवलं नाई. म्या हाक देल्ली. म्हटलं, उषे, तुह्याबी वाडीत पाखरं बसले, अंड्यावर सावली कर, नाईतं मरन ते. तिनं मान वर केली. मले वाटलं, आता शिव्या देते. तं म्हणे, कशी करू, बाई? मले कुठं येते."

"मग?"

"मंग काय. आज पहाटे आधी तिच्याच वाडीत गेली. तिले बसून शिकवली. तुराटी कशी रोवाची, गाठ कशी माराची. मासोळ्याबी म्याच देल्ल्या." जिजाने काकडी टोपलीत ठेवून दिली. "साऱ्या जन्मात उषीनं माही एक गोष्ट आयकली. तेबी हीच."

हर्षाने टोपली उचलून तिच्या हातात दिली. दोघी निघाल्या. आता जिजा पुढे नव्हती, बरोबरीने होती, आणि वाळू खरोखरच भाजायला लागली होती. जिजाच्या ते ध्यानातही नव्हतं. ती चालता चालता स्वतःशीच पाठ करत होती. "उषे, ते सावली काढ... उषे, मॅडम म्हन्ते का... नाई, उषे, पाहून राहिली न तू..." हर्षा ऐकत होती आणि पाय उचलत होती.

बांध दिसला. वाडीत उषाबाई वेलांमध्ये उभी होती. हातात काठी घेऊन ती कावळ्यांना हाकलत होती. तिच्या पलीकडे वाळूत चार-पाच छोट्या सावल्या रांगेने उभ्या. दुरूनही कळत होतं, जिजाने शिकवली तशीच, वाऱ्याने न हलणारी तणस. काठी असेपर्यंत कावळे खाली उतरत नव्हते.

"अंडी आहेत अजून," हर्षाने दुर्बिणीतून पाहत सांगितलं. "एकीखाली दोन दिसतात. बाकीच्यांचंही पाहू. चला लवकर. हवं तर मी सांगते तिला. मंडळाकडून आलेय म्हणेन, असा नियम आहे म्हणेन. तुमचं नावही काढत नाही."

जिजा थांबली. कपाळावरचा घाम तिने पदराने पुसला.

"नाई. नियम सांगशील तं ती सावली काढन. पन तिले वाटन, तिचीच बांधनी चुकली." तिने टोपली डोक्यावरून खाली घेतली, वाळूत ठेवली. "सांगीन मी. तुह्या समोर सांगीन का सावली माही चुकली, तिची नाई."

"बरं."

"बरं म्हनू नोको, आयक. तू ओळखते मले. मी बोलाले लागली का मधातच फिरते. पाखरावर ढकलीन, उन्हावर ढकलीन, तिच्या गाठीवर तं ढकलीनच." उषाबाईने काठी खाली करून त्यांच्याकडे पाहिलं. जिजाने लुगड्याचा पदर सारखा केला आणि त्याचं टोक हर्षाच्या मुठीत दिलं. "हे धरून ठेव, मॅडम. मी फिराले लागली का वढ."